एक खतावणी, अनेक हात

बँकेच्या शाखेतील जाडजूड खतावण्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, अशा वाचकांची संख्या आता वर्षागणिक कमी होत चालली आहे. कापडी पाठीच्या आणि पुठ्ठ्याच्या बांधणीच्या त्या वह्या उचलायलाही दोन्ही हात लागत. खातेदाराने धनादेश किंवा पैसे काढण्याची चिठ्ठी दिली की त्याच्या हाती पितळी टोकन पडे. चिठ्ठी खतावणी लिहिणाऱ्या लिपिकाकडे जाई, तो त्या खात्याचे पान उघडून शिल्लक पाही, नोंद करी. अधिकारी सही पडताळून मंजुरी देई आणि मग रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारी. या प्रवासात बराच वेळ जाई, हे खरे. परंतु त्या पद्धतीत एक मोठी सोय आपोआप साधलेली होती. खात्याचे पान एका वेळी एकाच माणसाच्या पुढ्यात असे. दुसऱ्या लिपिकाला तेच पान हवे असेल, तर पहिल्याचे लिहून होईपर्यंत त्याला थांबावेच लागे. असा नियम कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नव्हता. तो लिहिण्याची गरजही कोणाला भासली नव्हती.

संगणक आला आणि ही सोय नाहीशी झाली. विजेच्या तारेवरून एकच पान एकाच क्षणी दहा टेबलांवर उघडणे शक्य झाले. आता एका खात्यावर दोघांनी एकदम लिहिले तर काय होईल, हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. त्याचे उत्तर ज्या आज्ञावल्यांनी शोधले, त्यांची ही हकीकत आहे. लहान संगणकांना एकमेकांच्या फाइली वापरू देणाऱ्या या आज्ञावल्या १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार झाल्या आणि पुढच्या दशकात आपल्या देशातील हजारो बँकशाखांचा व्यवहार त्यांच्यावर चालला. ग्राहकाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. त्याचे पैसे मात्र त्यांच्याच भरवशावर होते.

गोष्टीची सुरुवात काटकसरीपासून होते. आय.बी.एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात माहिती साठवण्यासाठी फ्लॉपीच होती. १९८३ मध्ये आलेल्या ‘एक्स.टी.’ या पुढच्या नमुन्यात १० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क बसवली गेली. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे त्या डिस्कमध्ये मावली असती. त्या काळी मात्र ही चैन समजली जाई. अमेरिकेतील कॉर्व्हस या कंपनीने लहान संगणकांसाठी याच क्षमतेची डिस्क आधीच विकायला काढली होती. तिची किंमत पाच हजार डॉलरांच्या घरात होती, म्हणजे संगणकाहून डिस्क महाग. साहजिकच एक डिस्क घेऊन ती अनेक संगणकांना वाटून देण्याची कल्पना पुढे आली. कॉर्व्हसने तशी साधने बनवली आणि ती शाळांतून व कार्यालयांतून खपलीही.

पण डिस्क वाटून देणे वेगळे आणि फाइल वाटून देणे वेगळे, हे लवकरच ध्यानात आले. प्रत्येक डिस्कवर एक अनुक्रमणिका असते: कोणती फाइल कोठे ठेवली आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, याची. डिस्क सामायिक असली तरी प्रत्येक संगणक ती आपल्या एकट्याचीच आहे असे समजे आणि अनुक्रमणिकेची प्रत आपल्या स्मृतीत घेऊन बसे. पहिल्याने एका रिकाम्या जागी मजकूर लिहिला, तरी दुसऱ्याच्या जवळच्या प्रतीत ती जागा रिकामीच दिसे. तो तेथेच आपला मजकूर लिही. दोघांचेही लिखाण बिघडे आणि कित्येकदा अनुक्रमणिकाच कोलमडे. यावर तोडगा म्हणून डिस्कचे भाग पाडून प्रत्येकाला आपापला भाग देण्यात येई. सामायिक भाग केवळ वाचण्यापुरता ठेवला जाई. म्हणजे घर एक झाले, पण चुली वेगळ्याच राहिल्या.

यातून वाट काढणारा विचार आपल्या ग्रामीण वाचकांना चटकन समजेल. गावचे दप्तर तलाठ्याकडे असते. ज्याला सात-बाराचा उतारा हवा, त्याच्या हाती तलाठी सगळे दप्तर सोपवत नाही. अर्जदार आपल्याला काय हवे ते सांगतो; तलाठी स्वतः दप्तर उघडतो, स्वतः पान काढतो, फेरफाराची नोंद स्वतः घालतो. दप्तराची बांधणी त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. संगणकांच्या जाळ्यातही एक यंत्र असे तलाठी नेमावे, डिस्क फक्त त्याच्या ताब्यात असावी आणि बाकीच्यांनी ‘अमुक फाइल उघड’, ‘अमुक ओळ दे’, ‘ही ओळ लिही’ अशा मागण्या त्याच्याकडे कराव्यात, असे ठरले. या यंत्राला ‘फाइल सर्व्हर’ असे नाव मिळाले.

हा विचार ज्या कंपनीने सर्वांत यशस्वीपणे राबवला, ती अमेरिकेच्या यूटा राज्यातील नोवेल. १९७९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आरंभी संगणक आणि छपाईयंत्रे बनवीत असे आणि तो धंदा तिला पेलवत नव्हता. १९८१ मध्ये तिने जवळच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून आलेल्या काही तरुणांना कंत्राटावर कामाला घेतले. ड्रू मेजर, काइल पॉवेल आणि डेल नायबॉर ही त्यांतील नावे. आपल्या गटाला ते ‘सुपरसेट’ म्हणवून घेत. कंपनीचे संगणक एकमेकांना जोडावेत, एवढेच काम त्यांना सांगितले होते. त्यांनी मात्र आय.बी.एम.चा नवा संगणक हाच पुढे चालणार हे ओळखून त्यालाही जाळ्यात घेतले. १९८३ मध्ये रे नूर्डा यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. यंत्रे विकण्यापेक्षा ही आज्ञावलीच आपले खरे धन आहे, हे त्यांच्या व्यापारी नजरेने हेरले. ‘नेटवेअर’ या नावाने ती जगभर गेली. जाळे नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी सुपरसेटच्या मंडळींनी ‘स्नाइप्स’ नावाचा एक खेळ लिहिला होता. अनेक संगणकांवर बसून अनेकांनी एकाच वेळी खेळायचा. पुढे तो नेटवेअरबरोबर ग्राहकांनाही मिळू लागला. कार्यालयीन कामाच्या आज्ञावलीबरोबर खेळ फुकट देणारी ती कंपनी गंभीर वृत्तीच्या लोकांना कशी वाटली असेल, देव जाणे!

इतर कंपन्याही स्वस्थ नव्हत्या. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीच्या १९८४ मधील तिसऱ्या आवृत्तीत फाइलींवर कुलूप लावण्याची सोय आली. त्याच सुमारास आय.बी.एम.मधील बॅरी फाइगेनबॉम यांनी फाइली मागण्या-देण्याची एक संवादपद्धती आखली. तिचेच सुधारलेले रूप आजही विंडोज संगणक वापरतात. सन कंपनीनेही १९८४ मध्ये युनिक्स यंत्रांसाठी स्वतंत्र पद्धत काढली. तरीही १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात लहान संगणकांच्या जाळ्यांत नेटवेअरचाच वरचष्मा राहिला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, पति-पत्नींच्या संयुक्त खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत. पती खिडकीवर १,५०० रुपयांची चिठ्ठी देतो. त्याच मिनिटाला आतल्या टेबलावर पत्नीने कोणाला तरी दिलेला ३,००० रुपयांचा धनादेश समाशोधनातून वटायला आलेला आहे. दोन्ही लिपिक खाते उघडतात. दोघांच्याही पडद्यावर ५,००० दिसतात. पहिला १,५०० वजा करून ३,५०० लिहितो. दुसरा ३,००० वजा करून २,००० लिहितो. खात्यात खरे तर ५०० रुपये उरायला हवेत. पण ज्याने शेवटी लिहिले त्याचाच आकडा टिकतो. २,००० राहिले तर बँकेला १,५०० रुपयांची खोट बसते आणि ३,५०० राहिले तर ३,००० रुपयांची. यात कोणाचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, कोणी लबाडी केलेली नाही. आता धनादेशाच्या जागी २,००० रुपयांचा भरणा होता असे समजा. भरण्याची नोंद आधी झाली आणि चिठ्ठीची नंतर, तर खात्यात ३,५०० दिसतील आणि भरलेले २,००० रुपये कोठे गेले याचा पत्ता लागणार नाही. भरण्याची पावती ज्याने जपून ठेवली नाही, त्या खातेदाराने कोणाकडे दाद मागावी?

म्हणून कुलूप हवे. आणि ते संपूर्ण फाइलीला लावून चालत नाही, कारण मग एका खात्यावर काम चालू असताना बाकी सगळी खाती अडून राहतील. कुलूप एकेका नोंदीला लागावे लागते. लिपिकाने खाते लिहिण्यासाठी उघडले की सर्व्हरने ती नोंद त्याच्या नावे राखून ठेवायची. दुसऱ्याने मागितली तर ‘नोंद वापरात आहे’ असे कळवायचे. लिहून झाले की कुलूप काढायचे. खतावणीचे पान जे काम आपल्या वजनाने करीत होते, ते असे मुद्दाम करावे लागले.

यातही एक गाठ होती. ‘क’ खात्यातून ‘ख’ खात्यात रक्कम वळवायची, तर दोन्ही खाती कुलूपबंद करावी लागतात. एका लिपिकाने ‘क’ धरले आणि तो ‘ख’ सुटण्याची वाट पाहू लागला. त्याच वेळी उलट दिशेची रक्कम वळवणाऱ्या दुसऱ्याने ‘ख’ धरले आणि तो ‘क’ची वाट पाहत बसला. आता हे दोघे दिवस मावळेपर्यंत तसेच बसून राहतील. नेटवेअरमध्ये यावर तोड होती. लागणाऱ्या सर्व नोंदींची यादी आधी सर्व्हरकडे द्यायची आणि मग सगळी कुलपे एकदम मागायची. मिळाली तर सगळी, नाहीतर एकही नाही. अर्थात ही सोय वापरणे किंवा न वापरणे बँकेची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती होते.

आपल्या देशात हे सारे पोहोचायला वेळ लागला. त्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. यंत्रांमुळे नोकऱ्या जातील ही बँक कर्मचाऱ्यांची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही; त्यामुळे यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी बसवायची, याची बोलणी वर्षानुवर्षे चालली. १९८३ मध्ये भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि शाखांमध्ये खतावणी लिहिणारी सुधारित यंत्रे बसवण्याची शिफारस केली. त्याच वर्षी केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण जाहीर झाले व आयातीचे निर्बंध सैल झाले. रंगराजन समितीचाच दुसरा अहवाल १९८९ चा. त्यानंतर १९९३ च्या करारापासून संपूर्ण शाखांच्या संगणकीकरणाची वाट मोकळी झाली.

पहिल्या टप्प्यातील ती खतावणी-यंत्रे एकटी होती. एकेका यंत्राकडे ठरावीक खाती सोपवलेली असत. ज्याचे खाते ज्या यंत्रावर, त्याने त्याच खिडकीवर रांग लावायची. शेजारची खिडकी रिकामी असली तरी उपयोग नसे. एका यंत्रातील माहिती दुसऱ्याकडे न्यायची, तर फ्लॉपीवर उतरवून हाताने न्यावी लागे. अमेरिकेतही असेच चाले आणि पायातल्या कॅनव्हासच्या बुटांवरून तिकडे या पद्धतीला गमतीने ‘स्नीकरनेट’ म्हणत. आपल्याकडे तेच काम शाखेतील शिपाई चपला वाजवीत करी.

फ्लॉपीबरोबर आणखीही काही प्रवास करीत असे. जून १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा एक संगणक-विषाणू उघडकीस आला. तो फ्लॉपीवरून यंत्रात शिरे आणि गुपचूप बसून राही. दरवर्षी ५ जानेवारीला मात्र यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करा, अशी आज्ञा पडद्यावर झळकवी. शुभेच्छा दिल्याखेरीज यंत्र पुढे सरकत नसे. हे जोशी कोण, याचा उलगडा झालेला नाही. त्या आडनावाच्या असंख्य निरपराध मंडळींना मात्र त्या काळी थट्टा सोसावी लागली असणार. अशा विषाणूंचा बंदोबस्त करता करताच पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंचा ‘क्विक हील’ हा उद्योग १९९०च्या दशकात उभा राहिला, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

फाइल सर्व्हर शाखेत आला तो एका काचेच्या खोलीतून. त्या खोलीला वातानुकूलन यंत्र असे. शाखाधिकाऱ्यांच्या केबिनला पंख्यावर भागवावे लागे तिथेही सर्व्हरला गारवा मिळे. दारात ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी. धूळ आत जाऊ नये एवढाच तिचा हेतू होता, पण पाहणाऱ्याला देवळाची आठवण व्हावी असे ते दृश्य असे. आत पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक लाल साप सरपटत राही. कामाचा भार वाढला की त्याची शेपटी लांबे आणि चालही वाढे. सर्व्हर थकला आहे की निवांत आहे, हे काचेबाहेरून त्या सापाकडे पाहून समजत असे.

खिडक्यांवर जे संगणक ठेवले जात त्यांतील कित्येकांना डिस्क नसे आणि फ्लॉपीची खाचही नसे. सुरू होताच ते सर्व्हरकडून आपली प्रणाली मागवून घेत. यात पैशाची बचत होतीच. शिवाय ज्या यंत्रात फ्लॉपी घालताच येत नाही, त्यातून खातेदारांची माहिती बाहेर नेताही येत नाही आणि कोणा जोशीबुवांना आतही येता येत नाही. कोणी कोणती फाइल पाहावी, कोणी लिहावी आणि कोणी पुसावी याचे अधिकार सर्व्हरवर नेमून दिलेले असत. लिपिकाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने स्वतःच्या परवलीच्या शब्दाने ती मंजूर करायची, ही जुनी शिस्त नव्या यंत्रात उतरली. परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून कळफलकाखाली ठेवण्याची सवयही तिच्याबरोबरच आली. एवढ्या विचारपूर्वक आखलेल्या अधिकारव्यवस्थेवर त्या एका चिठ्ठीने बोळा फिरे, असे खेदाने म्हणावे लागते.

यंत्रे जोडणारी तार दूरदर्शनच्या अँटेनाच्या तारेसारखी दिसे. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे अशी माळेसारखी फिरे आणि दोन्ही टोकांना छोटी टोपणे असत. ते टोपण निघाले, झाडताना टेबलाखालचा सांधा ढिला झाला किंवा उंदराने तार कुरतडली, की एकच खिडकी नव्हे तर सगळी शाखा ठप्प होई. मग ‘सिस्टीम बंद आहे’ एवढेच ग्राहकाच्या कानी पडे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार देणारी पद्धत पुढे आली तेव्हा हा जाच संपला.

विजेचा प्रश्न अधिक बिकट होता. नेटवेअरचा वेग ज्या युक्तीत होता, तिच्यातच धोकाही होता. सर्व्हर प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर लिहीत नसे. तो मागण्या स्मृतीत जमवी आणि मग डिस्कवरील जागेच्या क्रमाने उरकी. उद्वाहक जसा बटणे दाबल्याच्या क्रमाने न जाता मजल्यांच्या क्रमाने माणसे उतरवतो, तसेच हे होते. त्या अवधीत वीज गेली तर स्मृतीतले सारे पुसले जाई. म्हणून बॅटरीवर चालणारे यू.पी.एस. अपरिहार्य झाले. त्याहून महत्त्वाची होती ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्तीत आलेली व्यवहार-नोंदणीची सोय. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना अर्धवट व्यवहार शोधून काढी आणि वजा झालेली रक्कम मूळ जागी परत ठेवी. व्यवहार पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर तो झालाच नाही असे मानले पाहिजे; मधली अवस्था शिल्लक ठेवायची नाही. खतावणीच्या युगात हे काम संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना माणसे करीत, आणि एका रुपयाच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत बसत.

दिवसअखेर सर्व फाइलींची प्रत फितीवर काढली जाई आणि ती फीत इमारतीबाहेर, बहुधा दुसऱ्या शाखेत, ठेवावी असा दंडक होता. हा दंडक कंटाळवाणा वाटे. पण जबलपूरच्या वाचकांना त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर त्या शहराला भूकंपाने हादरवले. चाळिसाच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरांना तडे गेले. सर्व्हर आणि त्याच्या प्रती एकाच छताखाली ठेवणे म्हणजे काय, हे अशा रात्री उमगते.

जबलपूरचा उल्लेख आला आहे, तर तेथून पुढे कुंडमला जाऊ. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे. त्यामुळे जबलपुरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ‘खतावणी’ हा शब्दही तेथे परका नाही. (तिकडे ‘खतौनी’ म्हटले की जमिनीच्या नोंदीचे कागद डोळ्यांपुढे येतात, एवढाच फरक.) जबलपूरहून शहपुरा-दिंडोरीमार्गे अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव आहे. नर्मदेला मिळणारी हिरन नदी येथे उगम पावते. परिसरात गोंड आदिवासींची वस्ती मोठी. शेती बव्हंशी पावसावरची. कोदो-कुटकी, धान आणि हंगामात मोहाची फुले यांवर घर चालते आणि घरातले कोणी ना कोणी मजुरीसाठी जबलपूरची वाट धरते.

आता शाखेतल्या त्या तारेची लांबी पाहा. बारीक तारेच्या जाळ्याचा एक पट्टा १८५ मीटरांहून लांब चालत नसे आणि त्यावर तीसच जोडण्या घेता येत. शाखेची इमारत संपली की जाळे संपले. जबलपूरच्या शाखेतील दहा खिडक्यांना एकच खाते दिसे, पण पन्नासेक किलोमीटरांच्या आत असलेल्या कुंडमला ते दिसण्याचा मार्ग नव्हता. जबलपुरात मजुरी करणाऱ्या मुलाने तेथील शाखेत पैसे ठेवले, तर ते कुंडमच्या आईला मिळण्यासाठी धनाकर्ष काढून टपालाने पाठवावा लागे, किंवा कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रोख रक्कम द्यावी लागे. तिने स्वतः शहर गाठायचे ठरवले, तर एका दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे दोन्ही गेले. संगणकीकरणाच्या प्रगतीची भाषणे त्या दशकात पुष्कळ झाली. त्या आईच्या दृष्टीने मात्र पितळी टोकन आणि फाइल सर्व्हर यांत फारसे अंतर पडले नव्हते. शाखेच्या संगणकीकरणाने शाखेची सोय आधी पाहिली आणि ग्राहकाची नंतर, हे मान्य केलेले बरे.

दारे उघडली ती हळूहळू. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने १९९९ मध्ये ‘इन्फिनेट’ हे बँकांचे उपग्रहाधारित जाळे सुरू केले. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी १ जानेवारी २००१ पर्यंत आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा, असा केंद्रीय दक्षता आयोगाचा आदेश आला. पुढील काही वर्षांत केंद्रीय बँकिंग प्रणाली रुजली. प्रत्येक शाखेचा स्वतंत्र सर्व्हर गेला आणि सर्व खाती एका ठिकाणच्या मोठ्या संगणक केंद्रात जमा झाली. जेथे तार पोहोचत नव्हती तेथे छतावर उपग्रहाची तबकडी बसली. या बदलाला जबलपूरचाही हातभार आहे. १९४२ पासून दूरसंचाराचे प्रशिक्षण देणारे केंद्र त्या शहरात आहे. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. देशभरातील दूरध्वनी खात्याचे अभियंते तेथे शिकून गेले, आणि बँकांचे जाळे त्यांनीच सांभाळलेल्या तारांवरूनही धावत होते.

नेटवेअरचे पुढे काय झाले? मायक्रोसॉफ्टने जाळ्याची सोय आपल्या विंडोज प्रणालीतच अंतर्भूत केली, तेव्हा ती वेगळी विकत घेण्याचे कारण कमी होत गेले. नोवेल कंपनी २०११ मध्ये दुसऱ्याच्या मालकीची झाली आणि त्यानंतरही तिचे हस्तांतर होत राहिले. तिच्या सर्व्हरांच्या टिकाऊपणाची एक बातमी २००१ मध्ये अमेरिकेत छापून आली होती. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील एक नेटवेअर सर्व्हर चार वर्षे कोणाला सापडत नव्हता, तरी जाळ्यावर त्याचे काम चोख चालू होते. अखेर तारेचा माग काढीत गेल्यावर समजले की इमारतीच्या दुरुस्तीत गवंड्यांनी त्याच्यापुढे भिंत बांधली होती!

आज कुंडमच्या त्या खात्यावर एकाच क्षणी तीन हात पडू शकतात. जबलपुरातला मुलगा भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवत असतो, आई गावातल्या बँकमित्राकडे अंगठा लावून रक्कम काढत असते आणि विम्याचा हप्ता आपोआप वळता होत असतो. दूरच्या संगणक केंद्रात खात्याची नोंद पूर्वीसारखीच क्षणभर कुलूपबंद होते. एकाचे उरकले की दुसऱ्याची पाळी. फरक इतकाच की ते थांबणे आता कोणाला जाणवत नाही.

अर्धवट व्यवहारांचा प्रश्न मात्र नव्या रूपात उरला आहे, कारण आता एकाच व्यवहारात दोन बँका आणि मधली यंत्रणा असे अनेक सर्व्हर गुंतलेले असतात. एकाने वजा केले आणि दुसऱ्यापर्यंत निरोप पोहोचला नाही, असे घडते. यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या आहेत. ए.टी.एम.मधून रोख मिळाली नाही, पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने आपणहून परत जमा करायची असते. यू.पी.आय.ने पाठवलेली रक्कम दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पोहोचली नाही, तर ती एका दिवसात परत यायला हवी. मुदत उलटल्यास दिवसाला १०० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी लागते आणि तीही खातेदाराने मागण्याची वाट न पाहता. ए.टी.एम.मधून निघालेली चिठ्ठी किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश तोवर टाकून देऊ नये. त्यावरील व्यवहार क्रमांक शाखेत दाखवला की अर्धवट नोंद शोधणे सोपे जाते.